छत्तीसचा आकडा

मार्च महिन्याची आठ तारीख जवळ आली की माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांना जांभळा रंग चढतो. हसऱ्या चेहऱ्यांचे एखादे समूहछायाचित्र, चार ओळींचा संदेश आणि सोबत एक टक्केवारी. कुणाची पस्तिशीतली, कुणाची चाळिशीला टेकलेली. नॅसकॉम ही या उद्योगाची संघटना सांगते तो देशाचा आकडा ३६ टक्के. म्हणजे या उद्योगात काम करणाऱ्या पन्नास लाखांहून अधिक माणसांपैकी सुमारे वीस लाख स्त्रिया. शंभरात छत्तीस. देशातल्या इतर संघटित खासगी उद्योगांकडे पाहिले तर हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल, आणि तसे ते दरवर्षी म्हटलेही जाते.

मराठीत मात्र छत्तीसचा आकडा म्हटले की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. या टक्केवारीचे आणि ती ज्यांच्याविषयी बोलते त्या स्त्रियांच्या नोकरीचे नातेही बरेचसे तसेच आहे.

आकडा खोटा नाही. पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: आज हजेरीपटावर किती स्त्रिया आहेत? समानतेबद्दलचे बाकी सगळे प्रश्न, म्हणजे त्या कोणते काम करतात, किती वर्षे टिकतात, कुठल्या पायरीवर थांबतात, किती पगार घेतात, हे त्याच एका उत्तरावर भागवले जातात. वैद्यकीय आकडेवारीत कोणी असे केले तर पहिल्या वर्षाच्या परीक्षेतच त्याचे गुण कापले जातील.

छेदापासून सुरुवात करावी. गूगलने मे २०१४ मध्ये पहिल्यांदा आपल्या कर्मचाऱ्यांची स्त्री-पुरुष विभागणी जाहीर केली. त्याआधीची काही वर्षे अमेरिकेतल्या बड्या तंत्रज्ञान कंपन्यांनी ही माहिती द्यायला नकारच दिला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये ट्रेसी चाऊ या पिंटरेस्टमधल्या तरुण अभियंतीने ‘आकडे आहेत कुठे?’ असा साधा प्रश्न जाहीरपणे विचारला, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या लोकांना आपापल्या ठिकाणच्या स्त्री अभियंत्या मोजून पाठवायला सांगितले आणि मग कंपन्यांना गप्प बसणे अवघड झाले. गूगलचे आकडे आले ते असे: एकूण कर्मचाऱ्यांत स्त्रिया ३० टक्के, पण फक्त तांत्रिक कामे मोजली तर १७ टक्के. कंपनी तीच, दिवस तोच. छेदात मनुष्यबळ विभाग, विक्री, कायदा आणि कार्यालयीन व्यवस्था धरली की तीस, काढली की सतरा.

आपल्या ३६ टक्क्यांच्या छेदात सगळेच आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत, ते तपासणारे आहेत, परदेशी ग्राहकांचे फोन घेणारी बीपीओ केंद्रे आहेत, भरती करणारे एचआर आहेत. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट वेगळ्या तऱ्हेने मोजते. तिथे उद्योग पाहत नाहीत, व्यवसाय पाहतात. बँकेत, रुग्णालयात, मोटारींच्या कारखान्यात, कुठेही असो, संगणक प्रणाली घडवणे, चालवणे किंवा सांभाळणे हेच ज्याचे मुख्य काम आहे, तो तंत्रज्ञ. या व्याख्येने २०२४ मध्ये युरोपीय संघातले स्त्रियांचे प्रमाण १९.५ टक्के भरले. आता ‘भारत ३६, युरोप साडेएकोणीस’ असे फलक परिसंवादात दाखवले जातात आणि टाळ्याही पडतात. पण एकाने घरातली सगळी माणसे मोजली आहेत आणि दुसऱ्याने फक्त स्वयंपाक करणारी. भारतात तांत्रिक कामात युरोपापेक्षा स्त्रिया जास्त असतीलही. संगणक अभियांत्रिकीच्या वर्गांत इथे मुलींची संख्या चांगली असते, त्यावरून तसे वाटते. तरी या दोन आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

छेदाची ही भानगड मात्र त्यातल्या त्यात सोपी. तांत्रिक आणि इतर असे दोन रकाने केले की ती सुटते. खरी अडचण काळाची आहे, आणि तिथे साथरोगशास्त्राकडे वळल्याशिवाय गत्यंतर नाही.

एखाद्या तालुक्यात आज मधुमेहाचे किती रुग्ण आहेत ही एक संख्या. या वर्षात नवे किती सापडले ही दुसरी. त्यातले किती बरे झाले, किती दगावले, किती गाव सोडून गेले ही तिसरी. पहिल्या संख्येवरून दुसरी आणि तिसरी कळत नाही. उलट पहिली संख्या अनेकदा फसवते. औषधोपचार सुधारले की रुग्ण जास्त जगतात, म्हणून त्या दिवशीची रुग्णसंख्या वाढते. आणि एखादा आजार झटपट माणूस नेणारा असेल तर त्याचे रुग्ण कोणत्याही दिवशी थोडेच दिसतात. म्हणून साथरोगतज्ज्ञ एका दिवसाच्या मोजणीवर विसंबत नाहीत. किती आत आले, किती बाहेर गेले, आत असताना किती काळ राहिले, हे तिन्ही विचारतात.

आयटी कंपनीची टक्केवारी ही नेमकी त्या एका दिवसाची मोजणी आहे. बादलीला खालून भोक असले तरी वरचा नळ जोरात सोडला तर पाण्याची पातळी तीच राहते. भारतीय आयटीचा नळ गेली पंचवीस-तीस वर्षे जोरातच होता. दरवर्षी महाविद्यालयांतून हजारोंनी फ्रेशर उचलायचे, त्यांत मुलींचे प्रमाण बऱ्यापैकी असायचे. आठ-दहा वर्षांनी त्यांतल्या कितीजणी उरल्या हे कोणी विचारायचे कारणच नव्हते, कारण पातळी हलत नव्हती.

दोन कंपन्या कल्पून पाहाव्यात. दोन्हींत एक हजार माणसे, दोन्हींत ३६० स्त्रिया. पहिल्या कंपनीत पाच वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या ६०० जणांत २१६ स्त्रिया आहेत आणि त्याहून जुन्या ४०० जणांत १४४. वर-खाली सारखेच ३६ टक्के. दुसऱ्या कंपनीत नव्या ६०० जणांत ३२० स्त्रिया, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि जुन्या ४०० जणांत फक्त ४०, म्हणजे दहा टक्के. आठ मार्चच्या फलकावर दोघींचा आकडा एकच येईल. पहिल्या कंपनीत एखादी मुलगी बावीसाव्या वर्षी रुजू झाली तर पस्तिसाव्या वर्षी ती आर्किटेक्ट किंवा डिलिव्हरी मॅनेजर असण्याची शक्यता तिच्या शेजारच्या मुलाइतकीच आहे. दुसरीत ती बहुधा घरी असेल, किंवा शिकवण्या घेत असेल, किंवा तिसऱ्याच क्षेत्रात कमी पगारावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करत असेल.

नळ बारीक झाला की भोक दिसू लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची माणसे १३ हजारांनी, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी आणि विप्रोची २४ हजारांहून अधिक घटली. तिघांची मिळून ६३ हजारांवर. महाविद्यालयांतली भरती मंदावली. पुढे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले आणि ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीत होईल असे सांगितले. म्हणजे येणारा प्रवाह आटला आणि कात्री मधल्या पायरीवर चालली. या पायरीवर स्त्रिया किती होत्या आणि किती उरल्या, हे सांगणारा रकाना सक्तीच्या कोणत्याही अहवालात नाही.

इथे टीसीएसच्याच एका जुन्या नोंदीचे कौतुक करायला हवे. २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली होती: नोकरी सोडण्याचे स्त्रियांचे प्रमाण कंपनीत एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे, त्या वर्षी ते पुरुषांपेक्षा वाढले. भेदभाव हे त्याचे कारण दिसत नाही, करोनाकाळात घरून काम करताना काही स्त्रियांच्या घरची व्यवस्था बदलली आणि आता ती पूर्ववत करणे त्यांना जमत नसावे, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज बरोबर की चूक, हा वेगळा वाद. मोजमापाच्या दृष्टीने पाहिले तर स्त्रियांची एकूण टक्केवारी त्या काळात पस्तीसच्या किंचित वर होती आणि जवळजवळ हललीही नव्हती. आत काहीतरी मोठे घडत होते, आणि ते कळले फक्त बाहेर पडणाऱ्यांचा दर पाहिल्यामुळे. दिवसाच्या मोजणीला त्याचा पत्ताही नव्हता.

साथरोगशास्त्रातली आणखी एक संकल्पना इथे चपखल बसते. कारखान्यातल्या कामगारांची तब्येत तपासली तर ती अनेकदा गावातल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा चांगली निघते. कारखान्याची हवा आरोग्यदायी असते म्हणून नव्हे. जे आजारी पडले ते आधीच काम सोडून गेलेले असतात, आणि तपासणीला उरतात ते धडधाकट. ‘निरोगी कामगाराचा परिणाम’ अशा अर्थाचे नाव या फसगतीला आहे. विषारी धूळ असलेल्या कारखान्यांचे आरोग्य-अहवाल त्यामुळे चांगले दिसू शकतात.

कंपन्यांमधली ‘कर्मचारी समाधान’ सर्वेक्षणे याच फसगतीवर उभी आहेत. ‘इथे स्त्रियांना पुढे जायला संधी मिळते का?’ या प्रश्नावर नव्वद टक्के स्त्रिया हो म्हणाल्या, तर विचारायला हवे की ज्या नाही म्हणाल्या असत्या त्या आता कुठे आहेत? त्यांचा कंपनीचा ईमेल-पत्ता बंद झालेला असतो. प्रश्नावली त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जाताना होणाऱ्या मुलाखतीत बहुतेकजणी ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहितात. अनुभवाचे प्रमाणपत्र अजून हातात पडायचे असते, पुढे कधी परत यायचे झाले तर दार उघडे राहायला हवे असते; खरे कोण लिहील?

सुधा मूर्ती यांची गोष्ट मराठी वाचकांना पाठ आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी अट होती, त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले, मुलाखतीचे बोलावणे आले आणि पुण्यात नोकरी मिळाली. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ही गोष्ट तिथेच संपते. तिचा पुढचा भागही त्यांनीच लिहून ठेवला आहे: काही वर्षांनी, पती नारायण मूर्ती इन्फोसिस उभी करत असताना त्यांनी टेल्कोतली नोकरी सोडली. त्यांचा निर्णय त्यांचा, आणि त्यातून पुढे बरेच काही उभे राहिले. तरी मोजणाऱ्याच्या दृष्टीने या गोष्टीचे दोन भाग आहेत, दारातून आत जाणे आणि आत राहणे. पन्नास वर्षे आपण पहिलाच भाग मोजत आलो आहोत, कारण तेव्हा अडलेले तेच होते.

‘सोडणे ही त्यांची निवड आहे’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. काहीअंशी तो खरा आहे. कोणालाही नोकरीला बांधून ठेवायचे नाही, आणि सॉफ्टवेअरचे काम सोडून शेती करणारे पुरुषही आहेतच. पण निवड कोणत्या परिस्थितीत होते याचेही मोजमाप उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरातल्या विनामोबदला कामावर त्या कामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली. मुले आणि वृद्ध यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. हे आकडे सगळ्या थरांतल्या स्त्रियांचे आहेत, आयटीतल्या बाईकडे स्वयंपाकाला बाई असेलही. पण अमेरिकेतल्या ग्राहकाचा कॉल संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, त्याच वेळी पाळणाघर बंद होते, आणि त्या दोन्हींमधला प्रवास हिंजवडीच्या पुलावर अडकलेला असतो. असा दिवस सहा महिने काढल्यावर केलेल्या निवडीला निवड म्हणायचे तर म्हणावे.

कायद्याने या प्रश्नाचा एक तुकडा हाताळला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण रजेचा सगळा पगार कंपनीने द्यायचा, आणि खासगी क्षेत्रातल्या वडिलांना रजा देण्याची सक्ती नाही. त्यामुळे मूल होणे हा कंपनीच्या वहीत फक्त स्त्रीच्या नावावर लिहिला जाणारा खर्च ठरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने, संरक्षण आणि वाहनाची सोय करून कामावर ठेवता येते. संमती मागितली गेली का, नाकारल्यावर पुढच्या अप्रेझलमध्ये काय झाले, याची नोंद कुठे होते?

पगाराच्या मोजमापातही अशीच एक गोम आहे आणि ती जास्त शास्त्रीय असल्याने जास्त फसवी आहे. ‘समान कामाला समान वेतन’ तपासायचे तर एकाच श्रेणीतल्या स्त्री-पुरुषांचे पगार ताडून पाहावेत, असे कोणालाही वाटेल. गूगल ते दरवर्षी करत असे. २०१९ मध्ये या तपासणीतून चक्रावून टाकणारा निष्कर्ष निघाला: सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या एका मोठ्या श्रेणीत पुरुषांनाच कमी मिळत होते! कंपनीने तो फरक भरूनही दिला. पण त्याच काळात काही माजी महिला कर्मचाऱ्यांचा दावा न्यायालयात उभा होता, आणि त्यांचे म्हणणे श्रेणीतल्या पगाराबद्दल नव्हतेच. तेवढ्याच शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या पुरुषाला चौथ्या श्रेणीत घेतले गेले आणि आम्हाला तिसऱ्या, अशी त्यांची तक्रार होती. तिसऱ्या श्रेणीतल्या सगळ्यांना सारखा पगार देऊन हा अन्याय दिसेनासा होतो. श्रेणी ही तपासाची पायरी धरली, आणि अन्याय त्या पायरीतच होता. २०२२ मध्ये गूगलने सुमारे साडेपंधरा हजार स्त्रियांसाठी ११ कोटी ८० लाख डॉलर देऊन हा दावा मिटवला, चूक मात्र मान्य केली नाही.

ब्रिटनने २०१७ पासून याच्या उलट टोकाचा मार्ग धरला. अडीचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीने स्त्री-पुरुषांच्या तासाच्या वेतनातली दरी जशीच्या तशी जाहीर करायची. श्रेणी, अनुभव, पद यांची कोणतीही सबब नाही. शिवाय सगळ्यांना पगारानुसार रांगेत उभे करून रांगेचे चार समान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात स्त्रिया किती ते सांगायचे. हे मोजमाप ओबडधोबड आहे, त्यातून कारण कळत नाही. पण ते लपवता येत नाही. खालच्या चौथ्या भागात स्त्रियांची गर्दी आणि वरच्या भागात तुरळक, हे शाळकरी मुलालाही दिसते. नंतरच्या अभ्यासांतून दरी काहीशी कमी झाल्याचे आढळले, आणि ती मुख्यतः पुरुषांच्या पगारवाढीचा वेग मंदावल्याने कमी झाली असेही. यावर आनंद मानायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे काहीच मोजले जात नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. त्याचे नाव लांबलचक आणि रूप रुक्ष असल्याने तो फारसे कोणी उघडत नाही, पण त्यात हाती लागण्यासारखे बरेच आहे. कायम आणि इतर कर्मचारी, स्त्री आणि पुरुष वेगवेगळे. नोकरी सोडण्याचा दर, स्त्री-पुरुष वेगळा, तीन वर्षांचा. पगाराचा मध्यक, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचा पगार, स्त्री-पुरुष वेगळा. लैंगिक छळाच्या तक्रारी. एवढेच नव्हे, बाळंतपणाच्या किंवा पालकत्वाच्या रजेवरून किती परत आले आणि परत आल्यावर बारा महिन्यांनी किती टिकले, हेही. अनेक प्रगत देश अजून एवढे विचारत नाहीत.

तरीही या तक्त्यात एक मोठे भगदाड आहे. संचालक मंडळात आणि सर्वोच्च व्यवस्थापनात स्त्रिया किती, हे तो विचारतो. एकूण कर्मचाऱ्यांत किती, हेही विचारतो. मधले काही विचारत नाही. टीम लीड, प्रोजेक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, डिलिव्हरी हेड हा सगळा जिना अंधारात आहे. तळमजल्याची आणि गच्चीची माणसे तेवढी मोजली. तांत्रिक काम आणि इतर काम हा भेद नाही. बढत्या किती झाल्या आणि त्यांत स्त्रिया किती, हे नाही. परदेशी ग्राहकाकडे ऑनसाइट कोण गेले हेही नाही, आणि भारतीय आयटीत माणसाची पुढची दहा वर्षे कशी जातील हे पुष्कळदा त्या एका व्हिसावर ठरते.

रजेवरून परतण्याचा रकानाही नीट वाचायला हवा. आठवडा-दोन आठवडे सुट्टी घेतलेला बाप परत आला, की त्याच्या रकान्यात शंभर टक्के. त्याने खरोखर बाळ सांभाळले का, हे त्यात येत नाही. आणि स्त्रीच्या बाबतीत बारा महिन्यांची मुदत फार तोकडी आहे. मातामृत्यू मोजताना प्रसूतीनंतरचे ४२ दिवस धरतात, कारण फक्त बाळंतपणाच्या टेबलावरचे मृत्यू मोजले तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने घरी गेल्यावर दगावलेल्या बायका हिशेबातून सुटतात. मुदत किती धरायची हा तपशील नाही, निदान त्यावर अवलंबून असते. आयटीत पहिले वर्ष पाळणाघर, आजी आणि जिद्द यांच्या बळावर निघून जाते. अडचण पुढे येते: परतल्यावर तिला जुन्या प्रोजेक्टवर जागा नसते, काही काळ बेंचवर काढावा लागतो, मग कमी महत्त्वाचे काम मिळते, मग दोन अप्रेझल साधारण जातात, आणि मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत तिचे सहाध्यायी दोन पायऱ्या वर पोहोचलेले असतात. ती तेव्हा सोडते. बीआरएसआरच्या वहीत ती ‘टिकली’ अशीच नोंद असते.

या दुखण्यावर वैद्यकशास्त्राकडे जुने साधन आहे. कर्करोगाच्या उपचाराचे यश मोजताना डॉक्टर ‘आज वॉर्डात किती रुग्ण आहेत’ असे सांगत नाहीत. एका वर्षी निदान झालेला गट घेतात आणि पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी त्यांतले किती हयात आहेत याची उतरती पायऱ्यांची रेषा काढतात. मधूनच गाव सोडून गेलेल्या, पत्ता न लागलेल्या रुग्णांचा हिशेब कसा करायचा, याची पद्धत एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये दिली, आणि ती आज कोणत्याही सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेवर चालते. हीच रेषा २०१५ मध्ये रुजू झालेल्या फ्रेशर मुला-मुलींसाठी काढावी. दोन रेषा एकमेकींपासून कोणत्या वर्षी दूर होतात, तिथे दुखणे आहे. तिसऱ्या वर्षी फाकल्या तर लग्न आणि बदली. सहाव्या-सातव्या वर्षी फाकल्या तर मूल. बाराव्या वर्षी फाकल्या तर बढती. उपाय प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, आणि सध्या सगळ्यांवर ‘महिला नेतृत्व कार्यशाळा’ हे एकच औषध दिले जाते.

कंपन्या म्हणतील, आणखी किती तक्ते भरायचे? पण रुजू झाल्याची तारीख, श्रेणी, बढती आणि सोडल्याची तारीख ही माहिती त्यांच्या एचआर प्रणालीत आधीच असते. पगार तिच्यावरच निघतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयटीत दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणे नेहमीचेच, मग एका कंपनीतून गेलेली बाई व्यवसायातून गेली असे कसे म्हणायचे? तसे म्हणता येत नाही हे खरेच. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीकडे पाहावे लागेल. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला मिळणारा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. स्त्री-पुरुष नोंद त्यात आहे. निधी संघटना दर महिन्याला नवे सदस्य किती, त्यांत स्त्रिया किती, सोडून पुन्हा परत आलेले किती, हे जाहीर करतेच. नावे झाकून त्याच माहितीतून उद्योगवार टिकाव-रेषा काढली, तर देशाचे उत्तर मिळू शकते. परदेशी गेलेल्या आणि स्वतःचा व्यवसाय काढलेल्या स्त्रिया त्यात हरवतील; पण तशा हरवण्यात पुरुषही आहेत, आणि दोन रेषांतला फरक बराचसा शिल्लक राहील.

मोजमाप जाहीर झाले की त्याला वळसा घालणारेही निघतात, हे धरूनच चालावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची झाली, तेव्हा अनेक कंपन्यांत प्रवर्तकांच्या पत्नी, कन्या, सुना एका रात्रीत संचालक झाल्या. सेबीला मग ‘स्वतंत्र’ स्त्री संचालक असा शब्द घालावा लागला: २०१९ मध्ये पहिल्या पाचशे कंपन्यांसाठी, २०२० मध्ये हजारांसाठी. वळसा कुठे घातला गेला हे दिसले, म्हणूनच तो बुजवता आला. मधल्या पायऱ्यांचा रकाना आला की पदांची नावे फुगवली जातील, कालची सीनिअर इंजिनीअर उद्या ‘मॅनेजर’ होईल आणि पगार तोच राहील. त्यासाठी ब्रिटनसारखी पगाराची रांग सोबत हवी. पदाचे नाव बदलणे फुकट असते. पगार वाढवायला पैसे लागतात.

सेबीचा हात मात्र शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरताच पोहोचतो. गेल्या काही वर्षांत नोकऱ्या वाढल्या त्या परदेशी कंपन्यांनी भारतात काढलेल्या स्वतःच्या तंत्रज्ञान केंद्रांत. नॅसकॉमच्याच हिशेबाने २०२३-२४ मध्ये अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. बंगळूर आणि हैदराबादपाठोपाठ पुणे आणि मुंबई ही त्यांची मोठी ठिकाणे. ही केंद्रे इथल्या बाजारात नोंदलेली नाहीत. त्यांना बीआरएसआर लागू नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मूळ कंपन्या युरोपातल्या आहेत, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार सदस्य देशांना जून २०२६ पर्यंत कायदे करण्याची मुदत आहे. दीडशे आणि त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांचे पहिले अहवाल जून २०२७ मध्ये अपेक्षित आहेत. एकाच गटातल्या स्त्री-पुरुषांच्या पगारात पाच टक्के किंवा अधिक दरी निघाली, तिचे कारण देता आले नाही आणि सहा महिन्यांत ती भरूनही निघाली नाही, तर कर्मचारी प्रतिनिधींसोबत बसून तिची तपासणी करावी लागेल. म्युनिकच्या कार्यालयातल्या अभियंतीला आपल्या बरोबरीच्या पुरुषाला सरासरी किती मिळते हे विचारण्याचा हक्क असेल. त्याच कंपनीच्या, त्याच प्रोजेक्टवर काम करणाऱ्या खराडीच्या कार्यालयातल्या तिच्या सहकारिणीला तो नसेल, आणि दोघी रोज दुपारी एकाच व्हिडिओ कॉलवर असतील.